परसातल्या कोंबड्यांसाठी घरगुती खाद्यभांडी आणि पाण्याची भांडी

परसात कोंबड्या पाळणाऱ्या बहुतेक घरांत खाद्य जुन्या परातीत आणि पाणी फुटक्या टोपात ठेवले जाते. कोंबडी परातीत उभी राहून पायाने उकरते, चोचीने भरडा बाजूला उडवून मक्याचे कण वेचते आणि त्याच परातीत विष्ठा टाकते. पाण्याच्या टोपाचे दुपारपर्यंत डबके होते. विकतची भांडी ही अडचण दूर करतात. पण तेलाचा रिकामा डबा, रंगाची बादली, पीव्हीसी पाइपचा तुकडा किंवा बांबू यांपासूनही तितकीच चांगली भांडी घरी तयार होतात. त्यासाठी त्यांच्यामागचे दोन-तीन नियम नीट समजून घ्यावे लागतात.

नेमके काय वाया जाते?

पूर्ण वाढ झालेली अंड्यावरची कोंबडी बंदिस्त असेल तर दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. दहा कोंबड्यांना रोज सव्वा किलोच्या आत-बाहेर खाद्य लागते. यातले दहा टक्के जरी सांडले, तरी वर्षाला सुमारे ४२ किलो भरडा मातीत जातो. एवढ्या खाद्यात अकरावी कोंबडी वर्षभर पोसली गेली असती. कोंबडीपालनाच्या एकूण खर्चात खाद्याचा वाटा साठ ते सत्तर टक्के असतो, त्यामुळे भांड्यातून होणारी ही गळती किरकोळ मानता येत नाही.

सांडलेले खाद्य नुसते वाया जाऊन थांबत नाही. त्यावर उंदीर आणि घुशी येतात आणि त्यांच्या मागे साप येतात. पावसाळ्यात तेच खाद्य ओले होऊन त्याला बुरशी धरते. मका आणि शेंगदाणा पेंड यांवर वाढणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते यकृतावर परिणाम करते, अंडी कमी होतात आणि पिल्ले दगावतात. बुरशी आलेले खाद्य उन्हात वाळवले तरी हे विष जात नाही, म्हणून असे खाद्य फेकण्यावाचून इलाज नसतो.

खाद्यभांडे: उंची, खोली आणि जागा

खाद्यभांड्याच्या काठाची उंची कोंबडीच्या पाठीच्या उंचीइतकी असावी. भांडे जमिनीवर असेल तर कोंबडी त्यात पाय घालते. ते पाठीच्या उंचीला असेल तर तिला मान किंचित पुढे करून खावे लागते आणि उकरता येत नाही. पिल्ले वाढतात तशी ही उंचीही वाढवावी लागते. म्हणूनच दोरीने टांगलेले भांडे सर्वात सोयीचे ठरते, कारण दर आठवड्याला फक्त गाठ वर घ्यायची असते. टांगणे शक्य नसेल तर भांड्याखाली विटा रचाव्यात.

दुसरी बाब भांडे किती भरायचे याची. काठोकाठ भरलेल्या उघड्या भांड्यातून जवळजवळ तीस टक्के, दोन तृतीयांश भरलेल्यातून दहा टक्के आणि निम्म्यापर्यंत भरलेल्यातून तीन टक्के खाद्य सांडते, असे गणित कुक्कुटपालनाच्या पुस्तकांत दिलेले असते. प्रत्यक्षात आकडे भांड्यागणिक बदलतात, पण कल हाच राहतो. भांड्याचा काठ आतल्या बाजूला वळलेला असेल तर सांडणे आणखी कमी होते. पाइप उभा चिरून केलेल्या चारीला असा वळलेला काठ आपोआप मिळतो. त्यासाठी पाइप मधोमध न चिरता वरचा एक तृतीयांश भागच काढून टाकायचा असतो.

तिसरी बाब जागेची. मोठ्या कोंबडीला चारीच्या काठाची सुमारे १० सेंटिमीटर जागा लागते. दहा कोंबड्यांना दोन्ही बाजूंनी खाता येईल अशी अर्ध्या मीटरची चारी पुरते. गोल भांड्याला त्याहून कमी परीघ चालतो. जागा अपुरी पडली तर कळपातल्या दांडग्या कोंबड्या दुबळ्यांना टोचून हाकलतात. भांड्यात खाद्य शिल्लक दिसते आणि तरी दोन-तीन कोंबड्या वाळत जातात, तेव्हा आजाराचा संशय घेण्याआधी त्यांना भांड्यापर्यंत पोहोचता येते का, हे पाहावे.

बादली आणि घमेले

घरी करता येण्याजोग्या खाद्यभांड्यांत बादलीचे भांडे सर्वात सोपे आणि बहुधा सर्वात उपयोगी आहे. झाकणाची १० ते २० लिटरची प्लास्टिकची बादली घ्यायची. तिच्या तळालगत सर्व बाजूंनी सारख्या अंतरावर चार ते पाच सेंटिमीटर व्यासाची सहा-आठ भोके पाडायची. बादलीच्या बुडापेक्षा सर्व बाजूंनी आठ-दहा सेंटिमीटर रुंद असे घमेले किंवा पसरट टब खाली ठेवून बादली त्यात नट-बोल्टने पक्की बसवायची. बादलीत टाकलेला भरडा भोकांतून घमेल्यात उतरतो आणि भोकांच्या उंचीपर्यंत आला की थांबतो. कोंबड्या खातील तेवढाच नवा खाली येतो. ४५ सेंटिमीटर व्यासाच्या घमेल्याचा परीघ १४० सेंटिमीटर भरतो, म्हणजे दहा-बारा कोंबड्यांना एकाच वेळी खाता येते.

भोके मोठी झाली तर खाद्य घमेल्यात काठापर्यंत भरते आणि सांडण्याची अडचण पुन्हा येते. म्हणून सुरुवातीला भोके लहान ठेवून गरजेनुसार कानशीने वाढवावीत. बादलीवर कोंबड्या बसू लागल्या की विष्ठा घमेल्यात पडते. झाकणावर पत्र्याची किंवा प्लास्टिकची उतरती टोपी बसवली, तर त्यांना वर पाय टेकवता येत नाही. लांब चारीच्या बाबतीत हेच काम दोन टोकांना खिळ्यांवर सैल बसवलेली बांबूची काठी करते. कोंबडी तिच्यावर बसायला गेली की काठी गरकन फिरते आणि ती उतरते.

पीव्हीसी पाइपचे खाद्यभांडे

चार इंची पीव्हीसी पाइप भिंतीला किंवा जाळीला उभा बांधून खाली एल्बो आणि वर टोपण बसवण्याची पद्धत व्हिडिओंमुळे फार लोकप्रिय झाली आहे. ती जागा वाचवते, पावसापासून खाद्य राखते आणि दिसायलाही नेटकी असते. पण तिचे कौतुक जरा जास्तच होते.

एक मीटर उंचीच्या चार इंची पाइपात आठ लिटरच्या आसपास जागा असते आणि त्यात साधारण चार-साडेचार किलो भरडा मावतो. दहा कोंबड्यांना तो साडेतीन-चार दिवस पुरावा. पण एका तोंडातून एका वेळी एकच कोंबडी खाऊ शकते, त्यामुळे दहा कोंबड्यांसाठी असे किमान दोन-तीन पाइप लागतात. बारीक दळलेला भरडा पाइपात दाबला जाऊन मध्येच अडकतो, खाली पोकळी होते, आणि पाइप वरून भरलेला दिसत असताना कोंबड्या उपाशी राहतात. पावसाळी दमट हवेत तर हे हमखास होते. गोळी किंवा चुरी स्वरूपातले खाद्य आणि अखंड धान्य पाइपातून सहज घसरते. घरचा दळलेला भरडा द्यायचा असेल तर बादलीचे भांडेच बरे. पाइप वापरायचाच झाला, तर रोज एकदा हाताने ठोकून पाहण्याची सवय ठेवावी. तळाच्या एल्बोत साचलेला जुना चुरा दर आठवड्याला काढावा लागतो, म्हणून तळाचा जोड सोल्युशनने कायमचा चिकटवू नये. तो नुसता दाबून बसवावा.

कापण्यासाठी हेक्सॉ ब्लेड वापरावे आणि कडा कानशीने गुळगुळीत कराव्यात. धारदार कडेने तुरा आणि गलोल कापले जातात. पीव्हीसी आगीवर तापवून वाकवण्याचा किंवा जाळून भोके पाडण्याचा मोह टाळावा, कारण जळत्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइडचा त्रासदायक धूर निघतो.

मोकळ्या कोंबड्यांना हे लागते का?

दिवसभर उकिरड्यावर आणि शेतात फिरणाऱ्या गावठी कोंबड्या किडे, गवत, सांडलेले दाणे खाऊन बरीचशी भूक भागवतात. त्यांना सकाळ-संध्याकाळ मिळून मूठ-दोन मुठी पूरक खाद्य पुरते. अशा कळपासाठी चोवीस तास भरलेले भांडे ठेवणे उलट तोट्याचे असते, कारण कोंबड्या चरायला जात नाहीत आणि त्या खाद्यावर शेजारचे कळप, चिमण्या व कावळे पोसले जातात. संध्याकाळचे दाणे खुराड्याजवळच टाकले की कोंबड्या वेळेवर परतात, त्यांची मोजदाद होते आणि आजारी कोंबडी लगेच नजरेस येते. स्वयंचलित भांडे हे मुख्यतः बंदिस्त किंवा अर्धबंदिस्त कळपासाठी आहे. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींना बाहेर फिरूनही थोडे जास्त पूरक खाद्य लागते, त्यांच्यासाठी मधला मार्ग काढावा लागतो.

पाण्याचे भांडे कसे चालते?

खाद्यात एखाद्या दिवशी कमी-जास्त झाले तर कोंबडी निभावते. पाण्याचे तसे नाही. ती खाद्याच्या साधारण दुप्पट वजनाचे पाणी पिते, म्हणजे रोज २०० ते २५० मिलिलिटर. कडक उन्हाळ्यात हे प्रमाण दुपटीपर्यंत जाते. अंड्याचा जवळपास दोन तृतीयांश भाग पाणीच असतो, त्यामुळे एक दिवस पाणी तुटले तरी पुढचे अनेक दिवस अंडी घटतात.

घरगुती भांड्यांत सर्वात भरवशाचे भांडे हवेच्या दाबावर चालते. पाच लिटरचा खाद्यतेलाचा, घट्ट फिरकीच्या झाकणाचा प्लास्टिक कॅन घ्यावा. तळापासून दोन-अडीच सेंटिमीटर उंचीवर एक भोक पाडावे. भोकावर चिकटपट्टी लावून कॅन भरावा, झाकण घट्ट लावावे, पाच-सहा सेंटिमीटर खोल थाळीत ठेवावा आणि मग पट्टी काढावी. पाणी थाळीत येऊ लागते आणि भोक बुडाले की थांबते. कारण भोक बुडाल्यावर कॅनमध्ये हवा शिरू शकत नाही आणि आतले पाणी बाहेरच्या हवेच्या दाबाने तोलून धरले जाते. कोंबड्या पाणी पितात, पातळी भोकाखाली जाते, हवेचा बुडबुडा आत शिरतो आणि तेवढेच पाणी बाहेर येते.

यातल्या बहुतेक चुका तीन जागी होतात. पहिली भोकाच्या उंचीत: भोक थाळीच्या काठापेक्षा वर असेल तर ते कधीच बुडत नाही आणि पाणी काठावरून वाहत राहते. दुसरी भोकाच्या आकारात: अगदी बारीक भोकातून एकाच वेळी पाणी बाहेर आणि हवा आत जात नाही, म्हणून ते आठ-दहा मिलिमीटरचे तरी असावे. तिसरी आणि सर्वात त्रासदायक चूक झाकणाची. झाकणातून किंवा वरच्या एखाद्या चिरेतून जराशी हवा शिरली, तरी सगळे पाणी खाली ओतले जाते. रंगाच्या बादलीच्या झाकणातले रबर काही महिन्यांत सैल होते. चीर बुजवायला एम-सील चालते, पण ते पूर्ण वाळल्याशिवाय पाणी भरू नये. नवे भांडे कोंबड्यांपुढे ठेवण्याआधी एक रात्र कोरड्या फरशीवर ठेवून पाहावे. सकाळी फरशी ओली दिसली तर दोष लगेच कळतो. थाळी समतल नसेल तर चांगले भांडेही उताराच्या बाजूने गळते.

उन्हात ठेवलेले असे भांडे अधूनमधून उगाच सांडते, तेव्हा त्यात बिघाड नसतो. अर्ध्या रिकाम्या कॅनमधली हवा तापून फुगते आणि पाणी बाहेर ढकलते. वीस लिटरची बादली निम्मी रिकामी असताना आतली हवा वीस अंशांनी तापली, तर अर्धा लिटरहून जास्त पाणी बाहेर पडते. उपाय एकच, भांडे सावलीत ठेवणे. कोंबडी बादलीच्या झाकणावर उडी मारते तेव्हाही झाकण दबून पाणी उसळते, म्हणून पाण्याच्या बादलीलाही उतरती टोपी असावी.

निपल आणि कप

निपल ही बादलीच्या तळाला किंवा आडव्या पाइपला बसवायची छोटी तोटी. कोंबडीने चोचीने टोचले की थेंब पडतो. पाणी उघडे राहत नसल्यामुळे ते स्वच्छ राहते, हा तिचा मोठा फायदा. निपल कोंबडीच्या डोक्याच्या किंचित वर असावी, म्हणजे मान वर करून प्यावे लागते आणि पाणी गादीवर सांडत नाही. एका निपलवर पाच-सहा कोंबड्या ठेवाव्यात. या बादलीचे झाकण मात्र हवाबंद नको. हवा आत शिरली नाही तर थोड्या वेळाने पाणी येणे बंद होते. दाबावर चालणाऱ्या भांड्याच्या नेमका उलट हा नियम आहे आणि दोन्हींची गल्लत वारंवार होते.

बोअरच्या जड पाण्यात क्षार साठून निपल अडकतात किंवा सतत ठिबकतात. सवय नसलेल्या मोठ्या कोंबड्या सुरुवातीला निपलकडे पाहतही नाहीत, म्हणून सगळ्या पिताना दिसेपर्यंत जुने भांडेही शेजारी राहू द्यावे. चोचीने दाबून भरणारे छोटे कप शिकायला सोपे असतात, पण त्यांत कचरा साचतो.

पिल्लांचे भांडे वेगळे

एक दिवसाचे पिल्लू दोन बोटे पाण्यातही बुडून मरते, आणि भिजलेले पिल्लू न बुडताही थंडीने दगावते. उलटी बाटली आणि उथळ बशी एवढे त्याला पुरते. बशीत स्वच्छ धुतलेले खडे किंवा गोट्या टाकल्या की चोच जाते, पण अंग जात नाही. खाद्य पहिले दोन-तीन दिवस कागदावर पसरून किंवा अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये द्यावे. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पिल्लांचे पाय घसरून फाकतात, म्हणून त्याऐवजी खडबडीत कागद किंवा ट्रे बरा. ट्रे ओला झाला की टाकून द्यायचा, त्यामुळे धुण्याचा प्रश्नच येत नाही.

रानीखेत म्हणजे मानमोडीची लासोटा लस काही वेळा पिण्याच्या पाण्यातून दिली जाते. तेव्हा भांड्याची निवड थेट लसीच्या परिणामावर येते. भांडे प्लास्टिकचे हवे, ते साबण किंवा ब्लिचिंगने नुकतेच धुतलेले नको, आणि पाण्यात क्लोरीन नको, कारण त्याने लसीतला जिवंत विषाणू मरतो. पाण्यात लिटरला पाच ग्रॅम स्निग्धांशरहित दूध पावडर मिसळण्याची पद्धत याचसाठी आहे. लस दोनेक तासांत संपली पाहिजे आणि प्रत्येक पक्ष्याच्या पोटात गेली पाहिजे. त्यामुळे त्या दिवशी एका मोठ्या भांड्याऐवजी तीन-चार उथळ भांडी ठेवणे योग्य. लसीचे वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्यावे.

भांडे कुठे ठेवायचे?

पाणी आणि खाद्य एकमेकांना लागून ठेवले तर कोंबड्या चोचीतला भरडा पाण्यात सोडतात आणि पाणी आंबते. दोन्हींत दोन-तीन पावलांचे अंतर पुरते. पाण्याच्या भांड्याखाली विटांचा चौथरा करून वर जाळी टाकावी, म्हणजे सांडलेले पाणी जाळीखाली जाते आणि भाताच्या तुसाची गादी कोरडी राहते. ओल्या गादीत अमोनियाचा वास येतो आणि रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. पिल्लांमधली बरीच मर याच ओल्या कोपऱ्यातून सुरू होते.

उघड्यावरच्या भांड्यांवर कावळे, बगळे आणि चिमण्या येतात. भारतातला कोंबड्यांमधला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावातही तो आला. रानपक्ष्यांच्या विष्ठेतून हा विषाणू पसरू शकतो, म्हणून भांडी छपराखाली आणि जाळीच्या आत ठेवण्यावर पशुसंवर्धन खाते भर देते. एकाएकी बरेच पक्षी मेले तर त्यांना हात न लावता दवाखान्यात कळवावे.

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढते आणि त्यात पाणी खर्च होते. तापलेले पाणी ती पीत नाही. अशा दिवसांत प्लास्टिकपेक्षा मातीचे परळ चांगले, कारण बाष्पीभवनाने त्यातले पाणी गार राहते. प्लास्टिकच्या कॅनला ओले गोणपाट गुंडाळले तरी फरक पडतो. दुपारी एकदा पाणी बदलावेच.

काय वापरू नये

कीटकनाशक किंवा तणनाशकाचा डबा कितीही वेळा धुतला तरी वापरू नये, कारण प्लास्टिकमध्ये औषध मुरलेले असते. तैलरंगाच्या डब्यांनाही हेच लागू आहे. पाण्यावर आधारित रंगाची बादली चालते, पण रंगाचा पापुद्राही शिल्लक नको. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या भांड्यात ताक किंवा व्हिनेगर मिसळलेले पाणी देऊ नये, आम्लाने जस्त विरघळून पाण्यात उतरते. बांधकामाच्या तारेचे तुकडे आणि सुतळीचे धागे खाली राहू देऊ नयेत, कोंबड्या ते गिळतात. पारदर्शक कॅनमध्ये उन्हाने शेवाळ धरते, म्हणून तो बाहेरून रंगवावा किंवा झाकावा.

पाण्याची थाळी रोज घासावी. बोटाला बुळबुळीत लागणारा थर नुसते पाणी ओतून निघत नाही, त्याला काथ्या किंवा घासणी लागते. रात्री खाद्यभांडे उचलून बंद डब्यात ठेवावे. अंधारात कोंबड्या खात नाहीत, त्यामुळे त्यांचे नुकसान होत नाही आणि उंदरांना मात्र काही मिळत नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडी मुख्य भांड्यात न मिसळता वेगळ्या छोट्या डब्यात ठेवावी. कोंबडी तो गरजेपुरताच खाते.

दोन दिवस बाहेरगावी जायचे असेल, तर दहा कोंबड्यांसाठी अडीच किलो खाद्य आणि उन्हाळ्यात किमान दहा लिटर पाणी लागेल. हे पाणी एकाच बादलीत न भरता दोन भांड्यांत विभागावे, म्हणजे एकाचे झाकण सुटले तरी दुसरे उरते.